काजळी खरवडण्याआधी



कवी माणसाला आकाशवाणीवर बोलावलं की तो पाऊस, माती, आई अशा विषयांवर बोलेल, अशी लोकांची अपेक्षा असते. आज मात्र मी मोटारसायकलच्या सायलेन्सरबद्दल बोलणार आहे. तोही नव्या गाडीचा नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या जुन्या गाडीचा. आणि त्याच्या पोटात साचणाऱ्या काजळीबद्दल. विषय काळा आहे, हाताला लागतो, साबणानं लवकर निघत नाही. पण आपल्या बीड जिल्ह्यात तो कितीतरी घरांच्या चुलीशी जोडलेला आहे.

परळीला रेल्वे फार पूर्वीपासून होती. बीड शहरात मात्र प्रवासी गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर एसटी पोचलीच तर दिवसातून एखादी. मग दूध डेअरीवर न्यायचं, भाजी आठवडी बाजारात आणायची, गावोगाव फिरून बांगड्या-कापड विकायचं, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचं, या सगळ्याला मोटारसायकल लागते. नवी गाडी घ्यायची तर लाखाच्या आसपास जाते. मग माणूस जुनी गाडी बघतो. पंधरा-वीस हजारांत मिळालेली ती गाडी दारात उभी राहिली की पाच-सहा महिन्यांनी तक्रार सुरू होते. ‘गाडी ओढत नाही’, ‘चढाला दम टाकते’, ‘पेट्रोल फार पिते’, ‘सायलेन्सर लाल होतो’. कोणीतरी सांगतं, ‘कार्बन साचलाय, सायलेन्सर साफ कर.’ सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धाच आहे आणि उरलेला अर्धा कोणी सांगत नाही. म्हणून हे भाषण.

आधी काजळी येते कुठून ते पाहू. पेट्रोल पूर्ण जळलं तर त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपानं सायलेन्सरमधून बाहेर पडतं. ऐकून आश्चर्य वाटेल, पण थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर नळीच्या टोकाला जे थेंब दिसतात, ते हेच पाणी. हवा कमी पडली किंवा पेट्रोलबरोबर ऑइलही जळायला लागलं की जळण अर्धवट राहतं. त्या अर्धवट जळणाची राख म्हणजे काजळी. ती पाण्याच्या ओलाव्यात कालवली जाते, नळीच्या भिंतीला चिकटते, पुढच्या उष्णतेनं भाजून कडक होते. चुलीवरच्या तव्याच्या बुडाला जसे थरावर थर बसतात, तसंच हे.

ज्यांनी टू-स्ट्रोक गाड्या चालवल्या आहेत त्यांना हे शिकवावं लागत नाही. एस्कॉर्ट्सची राजदूत, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची येझदी, 1972 मध्ये आलेली कायनेटिकची लुना, बजाजची एम-80, आणि 1985 ते 1996 या काळात निघालेली यामाहा आरएक्स 100. या गाड्यांच्या इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी तळाशी नसते. पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलमधूनच जातं आणि पेट्रोलबरोबर जळतं. पंपावर टू-टी ऑइलची छोटी पुडी फोडून टाकीत ओतणारे दूधवाले आपण पाहिलेले आहेत. ‘जास्त ऑइल टाकलं की इंजिन जास्त टिकतं’ असा समज होता, म्हणून अनेक जण हात सैल सोडायचे. कोणी स्वस्तातलं सुटं ऑइल घ्यायचं. त्या धुराचा त्रास इतका वाढला, की दिल्लीच्या प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्ये तिथल्या पंपांवर आणि गॅरेजांत सुटं टू-टी ऑइल विकणं बंद करायला सांगितलं आणि मापानं मिसळून देणारी यंत्रं बसवायला लावली. म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळीची दखल देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाला घ्यावी लागली.

1985 मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी 100 नंतर फोर-स्ट्रोक गाड्यांनी हळूहळू रस्ता ताब्यात घेतला. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल इंजिनाच्या तळाशी वेगळं असतं, ते जळायचं नसतं. त्यामुळं फोर-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचायची तर त्याला काहीतरी कारण असावं लागतं. हा फरक लक्षात ठेवा. टू-स्ट्रोकला काजळी धरणं हा तिचा स्वभाव आहे. फोर-स्ट्रोकला काजळी धरणं हे दुखणं आहे.

आमच्या मोहल्ल्यात गॅरेजं पुष्कळ. शाळेतून येता-जाता तिथं रेंगाळणं हा आमच्या पिढीचा छंद होता. तिथले एक म्हातारे उस्ताद होते. सायलेन्सर साफ करायला कोणी गाडी आणली की ते आधी नळीत बोट फिरवायचे, उजेडात धरायचे, दोन बोटांत चोळायचे, वास घ्यायचे. पोरांनी घाई केली की त्यांच्या दखनीत म्हणायचे, ‘पहले देखो, फिर घिसो.’ हे दोन शब्द मी पुढं कवितेच्या कामातही वापरले. पण आज ते गाडीपुरते सांगतो.

थंड सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा आणि बोट पाहा. काजळी सुकी, मऊ, पावडरीसारखी काळी असेल, तर इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते आहे. काजळी ओलसर, तेलकट, डांबरासारखी असेल, तर ऑइल जळतं आहे. फिकट करडा किंवा तपकिरी पातळ थर असेल, तर इंजिनाची तब्येत बरी आहे. उगाच हात लावू नका. मग स्पार्क प्लग काढून पाहा. प्लगचं टोक दुधाच्या चहाच्या रंगाचं असेल तर चांगलं. काळंकुट्ट आणि सुकं, किंवा काळं आणि चिकट असेल, तर नळीनं जे सांगितलं तेच प्लगही सांगतो.

धुराचीही भाषा आहे. रात्रभर उभी असलेली फोर-स्ट्रोक गाडी सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एक झोत येतो आणि नंतर थांबतो, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेले आहेत. गाडी पळताना, अॅक्सिलेटर पिळला की निळा धूर निघतो, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. टू-स्ट्रोकमधून अचानक दाट पांढरा धूर येऊ लागला आणि गिअरचं ऑइल कमी होऊ लागलं, तर क्रँकचं सील फुटून गिअरचं ऑइल इंजिन ओढतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. गाडी विकत घेतानाही हे उपयोगी पडतं. विकणारा बहुधा गाडी आधीच तापवून ठेवतो. तुम्ही म्हणायचं, ‘उद्या सकाळी येतो, थंड गाडी माझ्यासमोर सुरू करा.’ आणि सायलेन्सरला ताजा काळा रंग मारलेला असेल, नळी आतून अगदी धुतल्यासारखी असेल, तर मन खूश होऊ देऊ नका. पुसलेल्या पाटीवर काल काय लिहिलं होतं, ते विचारा.

पेट्रोल जास्त का जातं? आपल्याकडं त्याचं पहिलं कारण धूळ. कच्चे रस्ते, वाळूच्या गाड्या, काळ्या रानातून जाणारी वाट. एअर फिल्टर धुळीनं बुजतो. नाकाला रुमाल घट्ट बांधून धावायला लावलं तर माणसाचं जे होईल, तेच गाडीचं होतं. फिल्टर स्पंजाचा असेल तर धुऊन, वाळवून, थोडं ऑइल लावून बसवता येतो. कागदाचा असेल तर बदलावा लागतो. दुसरं कारण अडकलेला चोक. तिसरं, कार्बोरेटरमधली झिजलेली सुई किंवा खालीच अडकलेला फ्लोट.

चौथं कारण भेसळ. रेशनचं निळं रॉकेल पेट्रोलमध्ये आणि डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं पाहिला. रॉकेल पेट्रोलसारखं लवकर जळत नाही, मागं काजळी ठेवतं. हा धंदा केवढा निर्दयी होता, ते 25 जानेवारी 2011 ला कळलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडली, आणि भेसळ करणाऱ्यांनी त्यांना भरदिवसा जाळून मारलं. रस्त्याकडेच्या बाटलीतलं स्वस्त पेट्रोल टाकीत ओतताना ती तारीख आठवावी, असं मला वाटतं.

आता एवढं सगळं न पाहता नुसता सायलेन्सर खरवडला तर काय होतं? आठ-पंधरा दिवस गाडी बरी पळते. माणूस खूश होतो. मग पुन्हा तेच. आपल्याकडं म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पखाल कितीही धुतली तरी रेडा बरा होत नाही. रिंगा झिजलेल्या असताना सायलेन्सर धूत बसलेला माणूस वर्षभरात ऑइलविना इंजिन जाम करून बसतो. दोन हजारांचं काम दहा हजारांवर जातं, आणि दहा हजार म्हणजे एखाद्या घराची दोन महिन्यांची मजुरी.

कारण कळलं, ते दुरुस्त केलं, आता साफ करायचं. टू-स्ट्रोकपासून सुरुवात करू. गाडी पूर्ण थंड हवी. जागा मोकळी हवी. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला रुमाल. सायलेन्सरच्या मागच्या टोकाशी एक छोटा बोल्ट असतो. तो काढला की आतली भोकं पाडलेली नळी बाहेर येते. गॅरेजमध्ये तिला बॅफल म्हणतात. दिसायला बासरीसारखी असते. ती अडकली असेल तर थोडं डिझेल सोडून रात्रभर ठेवा आणि पकडीनं पिळत पिळत ओढा. हातोडा मारू नका, नळी चेपते.

बॅफल साफ करायच्या दोन पद्धती आहेत. एक, डिझेलमध्ये रात्रभर भिजवून तारेच्या ब्रशनं घासायची. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत, आता ते सहज मिळत नाही. दुसरी, गोवऱ्यांच्या जाळात घालून काजळी जाळून टाकायची, थंड झाल्यावर ठोकून झटकायची. दोन्हींपैकी एकच पद्धत निवडा. डिझेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये भिजवलेली नळी तशीच जाळात टाकली की भडका उडतो. बंद पोकळीत वाफ साचली असेल तर नुसता भडका नव्हे, स्फोट होतो. आणि जाळायची असेल तर घरापासून, कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून. तो धूर अंगावर घेऊ नका. शेवटी बॅफलचं एक-एक भोक बारीक तारेनं मोकळं करा.

सायलेन्सरच्या पुढच्या वाकलेल्या नळीतली काजळी जुन्या क्लच केबलची तार पिंजून तिच्या कुंचल्यानं निघते. इंजिनाच्या ज्या तोंडातून धूर बाहेर पडतो, तिथंही टू-स्ट्रोकमध्ये कडा धरलेली असते. ते काम जाणत्या मिस्त्रीकडं द्या. तिथं लाकडाची किंवा बांबूची चपटी पट्टी चालते, लोखंडी पाते नाही. कारण पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, त्याला ओरखडा पडला की नवंच दुखणं सुरू होतं. परत जोडताना इंजिन आणि सायलेन्सरच्या मधलं गॅसकेट नवं टाका. गॅसकेट काही रुपयांचं असतं. जुनं तसंच बसवलं तर सांध्यातून धूर फुसफुसतो आणि केलेलं काम वाया जातं.

काही गॅरेजांत कॉस्टिक सोडा वापरतात. सायलेन्सरचं एक तोंड बुजवून आत सोड्याचं पाणी भरतात आणि रात्रभर ठेवतात. काजळी सुटते, हे खरं. पण हा सोडा माणसाचं कातडंही सोडवतो. पाणी आधी घ्यायचं आणि सोडा त्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. डोळ्यात थेंब गेला तर वीस मिनिटं स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा धरा आणि तडक दवाखाना गाठा. अॅल्युमिनियमच्या भागाला हे पाणी लागू देऊ नका. अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. उरलेलं काळं पाणी नाल्यात, विहिरीजवळ, जनावरांच्या हौदाजवळ टाकू नका. माझं म्हणाल तर घरी कॉस्टिकच्या वाट्याला जाऊच नका. डिझेल आणि ब्रश पुरेसा आहे, वेळ तेवढा जास्त लागतो.

फोर-स्ट्रोकचा सायलेन्सर आतून वेल्ड केलेला असतो, तो उघडत नाही. तिथं टोकाची काजळी ब्रशनं काढा आणि सायलेन्सरच्या खालच्या बाजूला पाण्यासाठी ठेवलेलं बारीक छिद्र तारेनं मोकळं करा. गळतंय म्हणून पुष्कळ जण ते छिद्र वेल्डिंगनं बंद करून घेतात. मग पाणी आतच राहतं, काजळीत मुरतं, आणि सायलेन्सर आतून गंजत जातो. रोज एक-दोन किलोमीटरच फिरणारी गाडी असेल तर तिला अधूनमधून वीस-तीस किलोमीटर एका लयीत पळवा. नळी नीट तापली की ओल निघून जाते.

नव्या गाड्यांबद्दल एक इशारा. दुचाकींसाठी 1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक भाग असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर तो कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो. त्यात तार घालणं, सोडा ओतणं, जाळात धरणं म्हणजे तो भाग मारून टाकणं. बीएस-6 गाडी काळा धूर टाकत असेल तर सायलेन्सर सोडा, दोष पुढं शोधा.

काही तरुण मित्र सोपा मार्ग काढतात. बॅफलच काढून फेकतात. गाडी फटफट आवाज करते, गल्लीतली लेकरं झोपेतून दचकून उठतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं, ताकद वाढली. टू-स्ट्रोकच्या बाबतीत तर हा शुद्ध भ्रम. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात एक गोष्ट पक्की केली. सायलेन्सरच्या पोटात धुराच्या दाबाची लाट आपटून परत येते, आणि ती योग्य वेळी परत आली तर न जळता बाहेर निसटणारं ताजं पेट्रोल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे सायलेन्सरचा आकार हा इंजिनाचाच एक भाग असतो. तो मोडला की आवाज वाढतो, पेट्रोल वाया जातं, ताकद कमी होते. काजळी काढायची म्हणून बासरीच फेकून देणारा माणूस शहाणा कसा म्हणावा?

आता आपल्या जिल्ह्याची खास गोष्ट. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. काही जण गाडी ट्रॅक्टरवर घालून सोबत नेतात, काहींची गाडी घरी भिंतीला टेकून उभी राहते. पाच-सहा महिने उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी आणि ओल एकत्र बसतात. नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, कधी उंदीर चिंध्या भरतो. जाताना तीन गोष्टी करा. गाडी नीट तापवून, थंड होऊ देऊन मगच उभी करा. कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. नळीच्या तोंडाला लाल फडकं बांधा, म्हणजे परत आल्यावर सोडायची आठवण राहील. 2025 पासून पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून उभ्या गाडीची ही काळजी पूर्वीपेक्षा जास्त घ्यावी लागते. हे इथेनॉल उसापासूनही होतं. म्हणजे आपल्याच माणसानं कोयत्यानं तोडलेला ऊस त्याच्याच गाडीच्या टाकीत परत येतो.

परत आल्यावर गाडी बंद खोलीत किंवा पडवीत दार लावून सुरू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणसाला आधी डोकं दुखतं, झोप येते, आणि ती झोप शेवटची ठरू शकते.

श्रोतेहो, एवढं सांगून थांबलो असतो, पण काजळी काढायची कशी यापेक्षा ती काढतो कोण, हा प्रश्न मला मोठा वाटतो. गॅरेजमध्ये कामाची उतरंड असते. इंजिन उस्तादाचं. कार्बोरेटर हाताखालच्या कारागिराचं. आणि काजळी सर्वात लहान पोऱ्याची. त्याला नाव नसतं; तो ‘बारक्या’ असतो किंवा ‘छोटू’. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, शाळा सुटलेली, ‘हाताला काम तरी लागेल’ म्हणून कोणी नातेवाइकानं आणून बसवलेला. तो उघड्या हातांनी नळी खरवडतो, तोंडानं फुंकर मारतो, आणि तेच हात थोडे पुसून भाकरी खातो.

1775 मध्ये लंडनमधले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी एक निरीक्षण मांडलं. तिथं घरांची धुराडी साफ करायला लहान मुलांना आत चढवत. ती मुलं मोठी झाली की त्यांना एक विशिष्ट कर्करोग होई. पॉट यांनी त्याचा संबंध काजळीशी जोडला. कामाच्या ठिकाणच्या एखाद्या पदार्थानं कर्करोग होतो, हे वैद्यकात इतक्या स्पष्टपणे मांडलं गेल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात. त्यानंतर कायदे झाले, पण ते कागदावर राहिले. धुराड्यात मुलं चढवणं खऱ्या अर्थानं बंद झालं ते 1875 च्या कायद्यानं, जेव्हा साफसफाईच्या धंद्याला परवाना लागला आणि पोलिसांची नजर आली. कळल्यापासून थांबवायला शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांत किती मुलं त्या धुराड्यांत चढली असतील!

आपल्याकडं 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्या धोका नसलेल्या कामात शाळेनंतर हातभार लावण्याची सवलत आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. कायदा आहे. पण गॅरेजमध्ये गाडी लावून, ‘जरा लवकर आटपा’ म्हणून समोरच्या टपरीवर चहा पिणारे आपण असतो. आपली गाडी कोण खरवडतो आहे, ते आपल्याला दिसत असतं.

मी गॅरेजवाल्यांच्या विरोधात बोलत नाही. ती माझीच माणसं आहेत. त्यातल्या कितीतरी उस्तादांनी स्वतः आठव्या-नवव्या वर्षी अशीच काजळी खाल्ली, आणि पुढं जिद्दीनं स्वतःच्या मुलांना शाळेत पाठवलं. त्यांनाच माझी विनंती आहे. हातमोज्याची जोडी आणि मास्क ठेवा. खरवडण्याचं काम मोठ्या माणसानं उघड्यावर करावं. जेवणाआधी साबण लागतो, तो दुकानात असू द्या. आणि गाडीवाल्यांना विनंती, की या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या. मजुरी पुरेशी मिळाली तर उस्तादाला स्वस्तातला पोऱ्या शोधावा लागणार नाही.

आपल्या घरांत काजळी वाईट मानलेली नाही. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली पालथी धरून काजळ धरायचं आणि लेकराच्या डोळ्यात घालायचं, ही रीत हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत होती. त्याच काजळात डिंक घोटून शाई व्हायची आणि बोरूनं अक्षर उमटायचं. पण ती दिव्याची काजळी होती, इंजिनाची नव्हे. आता तर दिव्याचं काजळही डोळ्यात घालू नका, असंच डॉक्टर सांगतात. मग जे काळं मुलाच्या डोळ्यातही नको, ते त्याच्या फुप्फुसात कसं चालेल?

तर या आठवड्यात एक करा. गाडी थंड असताना नळीत बोट फिरवा, उजेडात पाहा, काय दिसतं ते मिस्त्रीला सांगा. फिल्टर पाहा, प्लग पाहा, मग साफसफाई. आणि गाडी गॅरेजला लावलीत, तर चहाला जाण्याआधी तुमची काजळी कोणाच्या हाती दिली जाते आहे, तेवढं वळून पाहा. हात लहान असतील, तर गाडी तिथंच थांबवा आणि मोठ्या माणसाला बोलवा.